समुद्र कुणाच्या सातबाऱ्यावर?

शेगावच्या माणसाला समुद्राचा प्रश्न सांगायचा, तर सुरुवात विहिरीपासून करावी. पूर्णेच्या खोऱ्यातल्या या खारपाणपट्ट्यात गोड्या पाण्याचे मोल कुणाला शिकवावे लागत नाही. एकाने बोअर खोल नेली की शेजारी त्याहून खोल नेतो. खर्च दोघांचाही वाढतो. जमिनीखालचे पाणी मात्र होते तेवढेच. जमीन सातबाऱ्यावर असते, पाणी नसते. कोकणच्या समुद्रात माशांचे नेमके हेच झाले आहे.

महाराष्ट्राला ७२० किलोमीटरचा किनारा. शिडाच्या होड्या गेल्या, यांत्रिक नौका आल्या. सरकारने कर्जे दिली, डिझेलवरच्या करात सवलत दिली. हेतू चांगलाच होता. पण शेजाऱ्याचे इंजिन मोठे झाले की आपलेही मोठे करावे लागते. त्याच्या जाळ्याची आस लहान झाली की आपलीही करावी लागते. प्रत्येकाचा हिशेब बरोबर आणि सगळ्यांची बेरीज चूक! सातपाटीचे नाव ज्या पापलेटमुळे झाले, त्याची पिल्लेच जाळ्यात येऊ लागली. २०२३ मध्ये पापलेट ‘राज्य मासा’ झाला. मानाची शाल मिळाली, पण ती संकटात सापडल्यावर.

कायदे नाहीत असे नव्हे. १९८१ चा सागरी मासेमारी नियमन अधिनियम आहे. २०१५ पासून १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची बंदी ठरली. सोमवंशी समितीच्या अहवालानंतर फेब्रुवारी २०१६ मध्ये राज्याने पर्ससीन जाळ्यांचा हंगाम सप्टेंबर ते डिसेंबर एवढा आखडला आणि परवाने टप्प्याटप्प्याने १८२ पर्यंत खाली आणायचे ठरवले. २०१७ मध्ये केंद्राने एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर बंदी घातली; २०२१ मध्ये राज्याने दंड जबर वाढवले. तरीही एक पेच उरतोच. दिवस कमी केले, तर उरलेल्या दिवसांत अधिक ताकदीने ओढण्याची शर्यत लागते.

मग समुद्र वाटूनच द्यावा काय? न्यूझीलंडने १९८६ मध्ये तसे केले. एकूण पकड ठरवली आणि तिचे हिस्से मालकीने दिले. ते विकताही येतात. शर्यत थांबली. पण हिस्से पूर्वीच्या पकडीवर ठरल्याने लहान मच्छीमार बाहेर राहिले आणि माओरींना हक्कासाठी १९९२ पर्यंत झगडावे लागले. त्याच वर्षी कॅनडाने न्यूफाउंडलंडची कॉड मासेमारी बंद केली. तिथे मासाच उरला नव्हता.

आपल्याकडे मालकीची कल्पना अगदीच परकी नाही. डोल जाळे बांधण्यासाठी समुद्रतळात खांब रोवतात, त्याला ‘कव’ म्हणतात. कव कुणी कुठे मारायची, याचे गावोगावचे संकेत होते. नौका मोठ्या झाल्या, लांब जाऊ लागल्या आणि वसई-उत्तन विरुद्ध पालघर-डहाणू असा वाद पेटला. संकेत होते, ते दोन गावांच्या मधल्या पाण्यात पोचले नव्हते. सामायिक संपत्ती लोक स्वतःही नियम करून राखू शकतात, हे दाखवणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. त्यांचीही अट होती: हद्द ठरलेली हवी आणि पहारा आपल्या माणसांचा हवा.

म्हणून हक्क द्यायचाच, तर तो गावाच्या सहकारी संस्थेला द्यावा. विकता न येणारा. आणि नौका कमी करताना भरपाई केवळ मालकाला नको. परवाना ज्याच्या नावावर कधीच नव्हता, त्या खलाशाचेही पोट त्याच नौकेवर असते. विहीर आटली की आधी मजूर गाव सोडतो, मालक नंतर. हे शेगावला सांगायला नको.