शेततळे : उतरणे सोपे, वर येणे अवघड

उन्हाळ्याच्या सुटीत विहिरीवर पोहायला जाणे हा सातारा-सांगलीकडच्या मुलांचा जुना कार्यक्रम. कमरेला पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा बिंडा किंवा वाळका भोपळा बांधायचा. काठावर काका नाहीतर मोठा भाऊ दोर धरून उभा. दमले की पायऱ्यांवर बसायचे. साताऱ्याजवळच्या लिंब येथील बारा मोटांच्या विहिरीलाही पाण्यापर्यंत जायला आणि परत यायला दगडी जिना आहे.

आज माण, खटाव, जत, आटपाडी, कवठेमहांकाळ या दुष्काळी भागांत फळबागा जगवण्यासाठी शेततळी झाली आहेत. 2016 साली सुरू झालेल्या 'मागेल त्याला शेततळे' या योजनेने त्यांत भर पडली. पाणी मुरू नये म्हणून पुष्कळ तळ्यांत प्लॅस्टिकचा कागद अंथरतात. पाणी वाचते, पण तळ्याला पायऱ्या नसतात. अशा तळ्यांत मुले बुडाल्याच्या बातम्या आपण वाचतो. कधी वाचवायला उतरलेला मोठा माणूसही त्यात सापडतो. असे का होते?

घर्षणाचा हिशेब

चालताना आपण पायाने जमीन मागे रेटतो. घर्षणामुळे पाय सरकत नाही आणि आपण पुढे जातो. घर्षण दोन गोष्टींवर अवलंबून असते : पृष्ठभाग कसे आहेत आणि ते एकमेकांवर किती जोराने दाबले जातात. आपल्या शरीराची घनता जवळजवळ पाण्याइतकीच असल्याने पाण्यात वजन भासत नाही. मग पाय कागदावर दाबला जात नाही आणि घर्षणही मिळत नाही. अंग पाण्याबाहेर काढावे, तर वजन परत येते आणि उतारावरून खाली ओढते.

उतारावर न घसरता उभे राहायचे तर घर्षणगुणांक निदान 'उंची भागिले पाया' इतका लागतो. 1 मीटर उंचीला 1 मीटर पाया, म्हणजे 45 अंशांचा उतार असेल, तर तो 1 हवा. पाया दीड मीटर असला तरी 0.67 हवा. ओल्या, शेवाळलेल्या प्लॅस्टिकवर तो यापेक्षा बराच कमी असतो. म्हणून पट्टीचा पोहणाराही येथे दमून जातो.

वर्गात करून पाहू

एका फळीवर प्लॅस्टिकचा कागद ताणून बसवा. त्यावर खोडरबर ठेवून फळीचे एक टोक सावकाश उचला. खोडरबर घसरू लागताच त्या टोकाची उंची आणि पाया मोजून भागाकार करा. मग कागद ओला करून आणि शेवटी शेवाळाऐवजी साबणाचे पाणी लावून हेच करा. तिन्ही आकडे फळ्यावर लिहा. आता खोडरबराला दोरा बांधून तो वरच्या टोकाला अडकवा. फळी कितीही उचलली तरी खोडरबर जागचे हलत नाही. उपाय येथेच सापडतो.

करायचे काय?

तळ्याच्या चारही बाजूंना पक्के खांब रोवून, हातभर अंतरावर गाठी मारलेले जाड दोर पाण्यात सोडावेत. जुन्या टायरांची शिडी आणखी चांगली. तळ्याभोवती जाळीचे कुंपण आणि कडी लागणारे फाटक असावे. लहान मूल तेथपर्यंत पोचूच नये, हे सर्वांत महत्त्वाचे. बुडणारे मूल बहुधा ओरडत नाही. तोंड पाण्यावर येते त्या क्षणात त्याला श्वास घ्यायचा असतो. म्हणून पाण्याजवळच्या मुलावर नजरच हवी, कानावर विसंबून चालणार नाही.

कोणी बुडताना दिसल्यास मुलांनी पाण्यात उडी घेऊ नये. मोठ्यांना हाका माराव्यात आणि काठावर आडवे पडून दोर, साडी किंवा लांब काठी पुढे करावी. झाकण घट्ट लावलेला 5 लिटरचा रिकामा कॅन दोर बांधून फेकावा. आर्किमिडीजच्या तत्त्वानुसार तो सुमारे पावणेपाच किलो भार तोलतो. तोंड पाण्यावर ठेवायला एवढा आधार बहुधा पुरतो.

बाहेर काढलेल्या मुलाला उलटे धरण्यात किंवा त्याचे पोट दाबण्यात वेळ घालवू नये. ऑक्सिजनअभावी काही मिनिटांतच मेंदूला इजा होते. श्वास बंद असेल तर लगेच तोंडाने श्वास द्यावा, प्रतिसाद नसल्यास छातीदाबही सुरू करावेत आणि दुसऱ्याने 108 क्रमांकाला फोन करावा. ही कृती आरोग्य केंद्रातील जाणकाराकडून प्रत्यक्ष शिकून घ्यावी.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2021 साली जगात सुमारे 3 लाख माणसे बुडून मेली. त्यांतील चाळीस टक्क्यांहून अधिक 15 वर्षांखालील मुले होती. आपल्या हाती आपल्या गावची तळी आहेत. सुटी लागण्यापूर्वी मुलांकडून गावातील शेततळ्यांची यादी करून घेऊ या, आणि कोणत्या तळ्याला दोर नाही ते ग्रामसभेत सांगू या.