तणनाशकाचा पंप वेगळा, आणि धुणं शेतातच

द्राक्षाची कोवळी पानं पंख्यासारखी आकसली, शिरा एकमेकींजवळ आल्या, कडा दातेरी झाल्या, की जाणता बागायतदार रोगाआधी पंपाचा विचार करतो. आदल्या फवारणीत त्याच टाकीतून ‘२,४-डी’ हे तणनाशक मारलं होतं का? द्राक्ष, कपाशी आणि टोमॅटो या पिकांना त्याचा अगदी थोडा अंशही बाधतो. पुण्यात मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे, हडपसरपासून उरुळी कांचनपर्यंत रोपवाटिकांची रांग आहे. एका रोपवाटिकेत गुलाब, टोमॅटोची रोपं आणि वाटेवरचं गवत यांवर एकच पंप फिरत असेल, तर हा धोका रोजचा आहे.

टाकी रिकामी दिसली तरी पंप रिकामा नसतो. तळाच्या खोलगट भागात, चेंबरमध्ये, नळीत आणि लान्समध्ये औषध उरतं. ते अर्धा लिटर आहे असं धरू. त्यात सहा लिटर पाणी एकदम घालून फवारून टाकलं, तर उरलेलं औषध तेरापट पातळ होतं. तेच सहा लिटर दोन-दोन लिटर करून तीनदा वापरलं, तर दर वेळी पाचपट, म्हणजे एकूण सव्वाशेपट पातळ होतं. पाणी तेवढंच लागतं आणि काम जवळजवळ दहापट चांगलं होतं. म्हणून तीनदा विसळायचं. दर वेळी झाकण लावून टाकी हलवायची आणि पाणी नळी-नोझलमधूनच बाहेर काढायचं. नुसती टाकी उपडी केली तर नळी धुतली जात नाही.

हे पाणी टाकायचं कुठे? ज्या पिकावर फवारणी केली, त्याच पिकावर, थोडा भाग त्यासाठी मोकळा ठेवून. विहीर, ओढा किंवा मुठेच्या कालव्यावर पंप धुऊ नये. खडकवासल्याचा हा कालवा शहरातून पुढे दौंड-इंदापूरकडे जातो. सायपरमेथ्रिनसारखं कीटकनाशक तर माशांना फार थोड्या प्रमाणातही घातक असतं.

तणनाशकानंतर साधं पाणी पुरत नाही. ‘२,४-डी’चा इस्टर प्रकार तेलकट असतो आणि नळीच्या रबरात मुरतो. आधी साबणाच्या पाण्याने धुवावं. मग भरलेल्या टाकीत साधारण १०० ग्रॅम धुण्याचा सोडा विरघळवून ते पाणी नळीत भरावं, रात्रभर ठेवावं आणि सकाळी पुन्हा तीनदा विसळावं. धुताना ब्लीचिंग पावडर आणि अमोनिया कधीही एकत्र करू नयेत, विषारी वायू तयार होतो. एवढं करूनही माझं ठाम मत असं, की तणनाशकासाठी वेगळा पंप घ्यावा आणि त्यावर ठळक रंगाने खूण करावी.

नोझल तुंबणं हा सगळ्यात धोक्याचा क्षण. माणूस घाईत असतो, ते तोंडाने फुंकतो आणि औषध थेट ओठांवर येतं. हे कधीच करायचं नाही. आधी मोटर बंद करावी, ट्रिगर दाबून नळीतला दाब सोडावा, मगच नोझल उघडावं. पाण्यात बुडवून जुन्या मऊ टूथब्रशने घासावं. तारेने किंवा पिनेने टोचलं तर भोक मोठं होतं. एक मिनिटाचं पाणी मापात धरून बघा. त्याच प्रकारच्या नव्या नोझलपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त येत असेल, तर नोझल बदला. खिशात एक जादा नोझल असलं की फुंकायची वेळच येत नाही. ट्रॅक्टरच्या ब्लोअरला हात लावण्याआधी मात्र पीटीओ (ब्लोअर फिरवणारा ट्रॅक्टरचा शाफ्ट) आणि इंजिन, दोन्ही बंद हवेत.

२०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो जण रुग्णालयात गेले. विष नाकातोंडातूनच जातं असं नाही, कातडीतूनही शिरतं. म्हणून गळका पंप पाठीवर घेणं गंभीर आहे. हंगामाआधी नुसत्या साध्या पाण्याने पंप चालवावा, झाकणाचे, ट्रिगरचे वायसर तपासावेत आणि चिरलेली नळी बदलावी. चिकटपट्टी लावून भागवू नये.

पंप धुतानाही नायट्राइलचे हातमोजे, गमबूट, चष्मा हवाच. हातमोजे काढण्याआधी ते साबणाने धुवावेत. फवारणीचे कपडे घरातली बाई धुणार असेल, तर तिला ते आधी सांगावं आणि तिलाही हातमोजे द्यावेत. ते कपडे बाकीच्या धुण्यात मिसळू नयेत. बॅटरीचा पंप चार्जिंगसाठी स्वयंपाकघरात आणू नये, तो सावलीत, कुलपाखाली ठेवावा, झाकण सैल आणि नळी रिकामी.

घाम, लाळ, मळमळ, धूसर दिसणं किंवा डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होणं यांपैकी काही जाणवलं, तर काम थांबवून कपडे उतरवावेत, अंग साबणाने धुवावं आणि १०८ ला फोन करावा. औषधाचा डबा किंवा त्याचं लेबल सोबत न्यावं. उतारा औषधाच्या गटावर ठरतो, आणि डॉक्टरांना तो लेबलवरून कळतो.