आतड्याचा टीबी दुर्बिणीतून कसा दिसतो?

जेवल्यावर पोटात गोळा फिरतो, संध्याकाळी अंगात कणकण राहते, वजन उतरत जाते. दर्यापूर, अकोटकडून अशा तक्रारी घेऊन अकोल्याला किंवा अमरावतीला गेलेल्या रुग्णाला डॉक्टर अनेकदा कोलोनोस्कोपी सांगतात. म्हणजे गुदद्वारातून कॅमेऱ्याची लवचिक नळी (दुर्बीण) घालून मोठे आतडे आतून पाहणे.

आधी दोन-तीन दिवस ज्वारीची भाकरी, पालेभाजी, संत्री बंद. मऊ भात चालतो. मग पोट साफ करणारे औषध. शौचाला पिवळसर, गाळ नसलेले पाणी होईपर्यंत तयारी झाली असे समजू नये; मळ राहिला तर जखमा झाकल्या जातात. मात्र पोट फुगले असेल, उलट्या होत असतील, वारा सरत नसेल, तर ते औषध घरी घेऊच नका. आतड्याला अडथळा असू शकतो. लगेच दवाखाना गाठा.

नळी लहान व मोठ्या आतड्याच्या सांध्यापर्यंत, जमल्यास लहान आतड्याच्या टोकातही गेली पाहिजे. टीबी सर्वाधिक तिथेच आढळतो. अहवालात या भागाचा उल्लेख नसेल तर आपण जरूर विचारावे.

तिथे टीबीचे व्रण बहुधा आडवे, बांगडीसारखे आतड्याभोवती फिरलेले असतात. तळाशी पिवळट-पांढरा थर, भोवती गाठी. सांध्यावरची झडप एरवी मिटलेली दिसते. टीबीत ती उघडीच राहिलेली दिसू शकते. जवळचा भाग कधी आक्रसतो.

पण क्रोन्स नावाचा, आतड्याला दीर्घकाळ सूज आणणारा आजारही याच जागी होतो. त्याचे व्रण जास्त करून लांबट, उभे असतात. हा फरक प्रत्येक वेळी स्पष्ट नसतो आणि चूक महागात पडते: क्रोन्स समजून स्टेरॉइड दिले तर टीबी भडकू शकतो.

म्हणून बायोप्सी, म्हणजे तपासणीसाठी काढलेले बारीक तुकडे, महत्त्वाची. ते व्रणाच्या कडेवरून आणि तळातून, अनेक ठिकाणांहून घ्यावे लागतात. आता नेहमी होणारी एक चूक. सगळे तुकडे फॉर्मलिनमध्ये, म्हणजे तुकडे टिकवणाऱ्या रसायनात, टाकले जातात. फॉर्मलिनने जंतू मरतात, मग कल्चर, म्हणजे प्रयोगशाळेत जंतू वाढवून पाहणे, शक्यच नसते. काही तुकडे निर्जंतुक सलाईनमध्ये वेगळे हवेत. तपासणीला आत जाण्यापूर्वीच हे डॉक्टरांना विचारा. नंतर विचारून उपयोग नाही.

तुकड्यात जंतू सापडले नाहीत म्हणून टीबी नाही असे ठरत नाही, कारण आतड्यात ते थोडेच असतात. मग सीटी स्कॅन, छातीचा एक्स-रे असे सगळे जुळवून निर्णय होतो. टीबी ठरला तर औषधे साधारण 6 महिने. अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयात, अमरावतीच्या इर्विन रुग्णालयात ती मोफत मिळतात. बरे वाटू लागले म्हणून मध्येच सोडू नका.

उपचारांनंतर दुर्बीण पुन्हा घातली जाते. व्रण भरले नसतील तर निदानच नव्याने तपासावे लागते. व्रण भरूनही आतडे अरुंद राहिले असेल, तर ती वेगळी अडचण. तिथे फुग्याने रुंदीकरण किंवा शस्त्रक्रिया लागू शकते.