रिलेवरचे आकडे

गाडीला जादा हॉर्न बसवताना वायरच्या रंगांवर विसंबू नये. ते कंपनीगणिक बदलतात. खरा आधार रिलेच्या बुडाशी कोरलेल्या आकड्यांचा. ते डीआयएन ७२५५२ या जर्मन मानकातले आहेत. ३० ला बॅटरीचा पॉझिटिव्ह फ्यूजमधून येतो, ८७ वरून करंट हॉर्नकडे जातो. ८५ आणि ८६ यांच्यामध्ये कॉइल असते. बटण दाबले की तिच्यातून थोडासा करंट वाहतो, ती लोहचुंबक होते आणि आत ३० व ८७ जोडले जातात. ‘टक्’ असा आवाज येतो तो तेव्हाच. आवाज येऊनही हॉर्न गप्प असेल, तर कॉइलच्या वायरी उचकटत बसू नये. आधी मल्टिमीटरने ३० वर सुमारे १२ व्होल्ट मिळतात का आणि हॉर्नचे अर्थिंग गंजलेले नाही ना, हे पाहावे. नवी जोडणी मात्र बॅटरीची निगेटिव्ह वायर काढूनच करावी.