वऱ्हाडचा गल्ला : २५ वर्षांचा मागोवा

अमरावतीचं जवाहर गेट असो की अकोल्याचा गांधी रोड, ‘यंदा धंदा कसा काय?’ असं दुकानदाराला विचारलं की तो आधी भाव सांगतो, कापसाचा नाही तर सोयाबीनचा. २५ वर्षांत इथला किरकोळ बाजार पार बदलला, पण गल्ल्याची शेतमालाशी असलेली नाळ तुटली नाही. बदललं ते पैसा येण्याचं वेळापत्रक.

२००० साली १९७२ पासूनची कापूस एकाधिकार खरेदी योजना अजून सुरू होती. चुकारा रखडायचा, हप्त्याहप्त्याने मिळायचा. शेतकरी त्यावर वैतागलेला असे. तरी कापूस तीन-चार वेचे देतो, त्यामुळे दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत थोडा थोडा पैसा फिरत राही. लग्नाचा बस्ता फाडायला, भांडी-कुंडी घ्यायला तो बरोबर वेळेवर हाती यायचा.

पुढे सोयाबीनने कापसाचा आणि ज्वारीचा पेरा खाल्ला. हे शंभरेक दिवसांचं पीक दसरा-दिवाळीच्या तोंडावर निघतं आणि पैसा एकरकमी देतं. त्यातून आधी कृषी केंद्राची जूनपासूनची उधारी फिटते, मग पीककर्ज. उरलं तर कापड, टीव्ही, दुचाकी. पाच महिन्यांचा बाजार असा तीन आठवड्यांत आला. सप्टेंबरात पाऊस लागून राहिला की दिवाळीचा माल दुकानातच पडून राहतो.

प्रत्येक धंद्याची गत मात्र वेगळी. २००२ मध्ये बीटी कापूस आला, त्याचं बियाणं दरवर्षी विकत घ्यावं लागतं. पीक हातचं गेलं तरी कृषी केंद्राची विक्री आधीच झालेली असते; बुडाली तर उधारी बुडते. सराफ्याचा हिशेब त्याहून बोलका आहे. २००० साली तोळाभर सोनं साडेचार हजारांच्या आत-बाहेर होतं आणि लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव १,८२५ रुपये. अडीच क्विंटलला तोळा येत होता. २०२५ च्या दिवाळीत सोनं सव्वा लाखाच्या घरात गेलं, हमीभाव ८,११० झाला. तेव्हा तोळ्याला पंधरा क्विंटल लागले. लेकीच्या लग्नाचा दागिना हलका होत गेला, त्याचं कारण हेच.

भागाभागाचा हंगामही निराळा. वरुड-मोर्शीची दुकानं संत्र्याच्या बहारावर चालतात. बांगलादेशने संत्र्यावरचं आयात शुल्क चढवत नेलं, त्याचा फटका वरुड-मोर्शीच्या बाजारालाही बसला. दर्यापूर, तेल्हारा या खारपाण पट्ट्यात सिंचन कमी, म्हणून खरीप गेलं की आशा हरभऱ्यावर. मेळघाटात कोरकूंची मोठी खरेदी होळीची. धारणीच्या बाजाराला दिवाळीपेक्षा ती भारी.

धक्केही कमी नव्हते. ८ नोव्हेंबर २०१६ ची नोटाबंदी नेमकी कापूस घरात येत असताना झाली. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावती आणि अचलपूरला पुन्हा टाळेबंदी लागली, तीही लगीनसराईत. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सोयाबीन दहा हजारांला टेकलं, तेव्हा बहुतेकांच्या घरात दाणा नव्हता. नवा माल येईस्तोवर भाव निम्म्यावर आला. पुढच्या काही महिन्यांत कापसाने दहा हजार ओलांडले, तेव्हा कुठे बाजारात जीव आला.

शहरात दरम्यान दुसरंच गिऱ्हाईक तयार झालं होतं. सहाव्या-सातव्या वेतन आयोगाचा पगारदार डी-मार्टमध्ये महिन्याचा किराणा भरतो, मोबाइलवरून कपडे मागवतो. त्याला पावसाशी घेणं-देणं नाही. खेड्यापाड्यांतले दुकानदार मात्र आजही नांदगाव पेठच्या बिझीलँड, सिटीलँडमधून ठोक कापड उचलतात आणि उधारीवर विकतात.

२२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला, ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा २८ वरून १८. शोरूमवाले खूश झाले. पण त्याच हंगामात अतिवृष्टीने सोयाबीन झोडपलं, आणि हमीभाव ५,३२८ असताना बाजार समितीत सौदे त्याहून बरेच खाली होत होते. कर कमी झाल्याने वस्तू स्वस्त होते, गिऱ्हाइकाच्या खिशात पैसा येत नाही. वऱ्हाडातली दुकानं चालवायची असतील तर सवलतींच्या आधी हमीभावाने खरेदी वेळेवर सुरू करा, आणि ती दसऱ्याच्या आत.