भांडवल कितीला पडते?



वार्षिक सभेत विस्तारवाढीचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला : "कर्जाचे व्याज किती?" प्रश्न रास्त, पण अपुरा. कारण प्रकल्पात एकट्या बँकेचा पैसा नसतो, आपलाही असतो. आणि आपला पैसा म्हणजे फुकटाचा पैसा, हा समज सर्वांत महाग पडतो.

पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ प्रवरा कारखान्याचे पहिले अध्यक्ष होते. तो कारखाना १९५० साली उभा राहिला तो भाग आणि कर्ज अशा दोन्ही पैशांवर. आजही तसेच आहे. म्हणून सर्व पैशांचा मिळून एक दर काढावा लागतो. पुण्यातल्या कंपन्यांचे हिशेबनीस त्याला भांडवलाचा भारित सरासरी खर्च म्हणतात.

उदाहरणादाखल १० कोटींचा प्रकल्प धरू. बँकेचे कर्ज ५ कोटी, द. सा. द. शे. १२, व्याज ६० लाख. सभासदांच्या ठेवी १ कोटी, दर ७. व्याज ७ लाख. भागभांडवल ४ कोटी. याचा दर कोणता? लाभांश नव्हे, त्यावर १९६० च्या सहकारी संस्था कायद्याची मर्यादा आहे. हाच पैसा ठिबक संचाला किंवा पीककर्ज फेडायला लागला असता तर काय वाचले असते, ते पाहावे. शिवाय नुकसान झाले तर आधी बँक वसुली करते, आपण शेवटी. म्हणून हा दर कर्जाच्या वर, १४ धरू. झाले ५६ लाख.

एकूण १ कोटी २३ लाख. म्हणजे शेकडा १२.३०.

इथे बरेच जण फसतात. १२, ७ आणि १४ यांची बेरीज करून तिनाने भागले की ११ येतात. पण १ कोटी आणि ५ कोटी एका तागडीत कसे तोलायचे? समजा प्रकल्प ११.५० टक्के मिळवून देणार. ११ च्या हिशेबाने तो फायद्याचा. खऱ्या हिशेबाने वर्षाला ८ लाखांची तूट. ती कुठून भरायची? शेवटी उसाच्या दरातूनच!

आणखी एक. कंपनी व्याज करपात्र नफ्यातून वजा करते. कर शेकडा २५ धरला तर १२ चे कर्ज तिला ९ ला पडते. आपल्याकडे करपात्र नफाच उरला नाही, तर हा फायदा कागदावरच. तेव्हा कंपनीचा आकडा जसाच्या तसा उचलू नये.

तेव्हा पुढच्या सभेत ठरावाला हात वर करण्याआधी दोन आकडे जरूर विचारा : सगळा पैसा मिळून कितीला पडतो, आणि प्रकल्प किती देतो? दुसरा पहिल्याहून मोठा नसेल, तर घाई नको. अंथरूण पाहून पाय पसरायचे, तर आधी अंथरूण नीट मोजलेले बरे.