कोशिकामृत्यू, नियोजित

कोशिकामृत्यू, नियोजित : बहुकोशिकीय सजीवांच्या शरीरातील अनावश्यक, जीर्ण वा सदोष कोशिकांचा (पेशींचा) त्यांच्यातीलच आनुवंशिक यंत्रणेनुसार ठरावीक क्रमाने होणारा मृत्यू. भाजणे, मार लागणे, विषबाधा होणे किंवा रक्तपुरवठा बंद पडणे यांमुळे येणाऱ्या आकस्मिक कोशिकामृत्यूहून तो भिन्न आहे. आकस्मिक मृत्यूत कोशिका फुगून फुटते, तीमधील द्रव्ये भोवती पसरतात व त्या जागी दाह निर्माण होतो. नियोजित मृत्यूच्या प्रमुख प्रकारात कोशिका आक्रसते, तिच्या केंद्रकातील द्रव्याचे तुकडे पडतात, ती पटलाने वेढलेल्या लहान पिंडांत विभागली जाते आणि हे पिंड शेजारच्या कोशिका वा भक्षिकोशिका गिळून टाकतात. अशा रीतीने या प्रक्रियेत कोशिकेचा मृत्यू व मृत कोशिकेची विल्हेवाट ही दोन्ही कार्ये येतात. पहिले कार्य अडल्यास कर्करोगास वाव मिळतो. दुसरे अपुरे पडल्यास काय घडते, या प्रश्नावर रायगड जिल्ह्यातील खारघर येथे महत्त्वाचे संशोधन झाले आहे.

निसर्गातील उदाहरणे : रायगड जिल्ह्याच्या दक्षिण भागातील महाड व पोलादपूर हे तालुके सह्याद्रीच्या पायथ्याशी, सावित्री नदीच्या खोऱ्यात वसलेले असून भात हे तेथील मुख्य पीक आहे. पावसाळ्यात तेथील भातखाचरांत या प्रक्रियेची दोन उदाहरणे एकाच वेळी आढळतात. खाचरातील पाण्यात वाढणाऱ्या भैकेराचे (बेडकाच्या शेपटीयुक्त पिलाचे) रूपांतर होताना त्याची शेपटी गळून पडत नाही. अवटू ग्रंथीच्या हॉर्मोनाच्या प्रभावाने शेपटीतील कोशिका क्रमाने मरतात व त्यांतील द्रव्ये शरीरात शोषली जातात. त्याच चिखलात भाताच्या मुळांच्या मध्यत्वचेतील काही कोशिका मरून त्यांच्या जागी हवेच्या पोकळ्या तयार होतात. या पोकळ्यांतून ऑक्सिजन मुळांच्या टोकांकडे जातो व पाण्यात बुडालेली मुळे जगतात. मात्र वनस्पतींच्या कोशिकांना भित्ती असल्याने तेथे मृत कोशिका शेजारच्या कोशिकेने गिळण्याची क्रिया होत नाही. मानवी गर्भाचा हात आरंभी वल्ह्यासारखा असतो. बोटांमधील कोशिका मरून गेल्यावरच बोटे सुटी होतात. प्रौढ माणसाच्या शरीरातही रोज अब्जावधी कोशिका अशा मरतात व तितक्याच नव्या निर्माण होतात.

इतिहास : कार्ल फोक्ट यांनी १८४२ मध्ये भेकांच्या विकासाचे निरीक्षण करताना कोशिका नाहीशा होत असल्याची नोंद केली. व्हाल्टर फ्लेमिंग यांनी १८८५ मध्ये अंडाशयातील मरणाऱ्या कोशिकांच्या केंद्रकांत होणाऱ्या बदलांचे वर्णन केले. रिचर्ड लॉकशिन व कॅरोल विल्यम्स यांनी १९६४ मध्ये रेशीम पतंगाच्या स्नायूंचा अभ्यास करून ‘नियोजित कोशिकामृत्यू’ ही संज्ञा वापरली. जॉन कर, अँड्रू वायली व ॲलास्टर करी यांनी १९७२ मध्ये या मृत्यूची सूक्ष्मदर्शकीय लक्षणे निश्चित करून त्यास ‘ॲपॉप्टोसिस’ हे नाव दिले. झाडाची पाने वा फुलाच्या पाकळ्या गळणे, या अर्थाचा हा ग्रीक शब्द आहे. सुमारे एक मिमी. लांबीच्या एका सूत्रकृमीच्या विकासात १,०९० देहकोशिका निर्माण होतात व त्यांपैकी नेमक्या १३१ मरतात, असे आढळून आले. कोशिकांच्या या वंशावळीचा व मृत्यूचे नियंत्रण करणाऱ्या जीनांचा (आनुवंशिक घटकांचा) शोध लावल्याबद्दल सिडनी ब्रेनर, जॉन सल्स्टन व रॉबर्ट हॉर्विट्झ यांना २००२ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक विभागून देण्यात आले.

यंत्रणा : मृत्यूचा आदेश कोशिकेला दोन मार्गांनी मिळतो. काही वेळा बाहेरून आलेला संकेत तिच्या पटलावरील ग्राहींना मिळतो, तर काही वेळा डीएनएला झालेल्या इजेसारखा बिघाड आतच ओळखला जातो. दुसऱ्या मार्गात कलकणूंमधून (ऊर्जानिर्मिती करणाऱ्या कोशिकांगांमधून) सायटोक्रोम-सी हे प्रथिन बाहेर पडते. दोन्ही मार्गांच्या अखेरीस ‘कॅस्पेज’ ही एंझाइमे कार्यान्वित होतात व कोशिकेतील प्रथिने तोडू लागतात. बीसीएल-२ कुलातील काही प्रथिने हा मृत्यू रोखतात, तर त्याच कुलातील इतर प्रथिने तो घडवून आणतात. त्यांच्या समतोलावर कोशिकेचे जगणे अवलंबून असते.

कर्करोगाशी संबंध : कर्करोग म्हणजे कोशिकांचे बेसुमार विभाजन, अशी पूर्वी समजूत होती. मेलबर्न येथील डेव्हिड व्हॉ, सुझॅन कोरी व जेरी ॲडम्स यांनी १९८८ मध्ये बीसीएल-२ हा जीन कोशिकांचे विभाजन वाढवीत नसून त्यांचा मृत्यू टाळतो, असे दाखविले. लसीका ऊतकाच्या एका कर्करोगात १४ व १८ या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होऊन हा जीन अतिक्रियाशील होतो. सदोष कोशिकेस विभाजनापासून रोखणारे वा मृत्यूकडे नेणारे पी-५३ हे प्रथिन सुमारे निम्म्या मानवी कर्करोगांत बिघडलेले आढळते. मरावयास हवी ती कोशिका न मरणे, हेही कर्करोगाचे मूलभूत लक्षण ठरले. प्रारण व बहुतेक कर्करोगविरोधी औषधे कोशिकांतील मृत्यूची यंत्रणाच चालू करतात. ही यंत्रणा बिघडलेल्या अर्बुदांवर मात्र त्यांचा परिणाम कमी होतो. बीसीएल-२ प्रथिनास निष्प्रभ करणाऱ्या व्हेनेटोक्लॅक्स या औषधास श्वेतकोशिकार्बुदाच्या (रक्ताच्या कर्करोगाच्या) एका प्रकारासाठी अमेरिकेत २०१६ मध्ये मान्यता मिळाली.

महाराष्ट्रातील संशोधन : कर्करोगाच्या कोशिकाविज्ञानीय अभ्यासाचा पाया मुंबईतील परळ येथील भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात वसंत रामजी खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली घातला गेला. तेथील कोशिकावैज्ञानिक कमल रणदिवे (१९१७–२००१) यांनी बॉल्टिमोर येथे जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत ऊतकसंवर्धनाचे (शरीराबाहेर कोशिका वाढविण्याचे) तंत्र अभ्यासले व मुंबईस परतल्यावर त्याची प्रयोगशाळा उभारली. उंदरांतील स्तनाच्या कर्करोगात आनुवंशिकता, हॉर्मोने व विषाणू यांचा परस्परसंबंध त्यांनी तपासला. त्यांना १९८२ मध्ये पद्मभूषण देण्यात आले. हॉर्मोनांच्या अभावी स्तनाची काही अर्बुदे आक्रसतात, ती कोशिकांच्या नियोजित मृत्यूमुळे, हे कर प्रभृतींच्या १९७२ च्या लेखाने पुढे स्पष्ट केले.

या केंद्राची उत्तराधिकारी संस्था टाटा स्मारक केंद्राचा भाग असून ‘ॲक्ट्रेक’ या नावाने ती रायगड जिल्ह्याच्या पनवेल तालुक्यात खारघर येथे आहे. तेथे इंद्रनील मित्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी मृत कोशिकांच्या अवशेषांचा अभ्यास केला. मरणाऱ्या कर्ककोशिकांतून सुटलेले रंजितद्रव्याचे (डीएनए व प्रथिने यांच्या संयुक्त द्रव्याचे) कण शेजारच्या निरोगी कोशिकांच्या केंद्रकांत शिरतात, त्यांच्या डीएनएला इजा करतात व दाह उत्पन्न करतात, असे निष्कर्ष त्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केले. या मतानुसार उपचाराने एकाच वेळी असंख्य कोशिका मेल्या, म्हणजे त्यांची विल्हेवाट अपुरी पडून अवशेषांपासून नवा अपाय संभवतो. उपचारकाळात केस गळणे, तोंड येणे, रक्तकोशिका घटणे इ. त्रास होतात. ते औषधांचा जलद विभाजन पावणाऱ्या निरोगी कोशिकांवर थेट परिणाम झाल्याने होतात, हे रूढ स्पष्टीकरण आहे. त्यांतील काही भाग या कणांमुळे होत असावा, असे मित्रा यांचे प्रतिपादन आहे. रेझव्हेराट्रॉल हे वनस्पतिज द्रव्य व तांबे यांच्या अल्प मात्रांच्या मिश्रणाने हे कण नष्ट होतात, असेही त्यांना आढळले. निवडक रुग्णांवर त्याच्या लहान प्रमाणावर चाचण्या झाल्या आहेत. तथापि हे मत अद्याप सर्वमान्य झालेले नाही व या मिश्रणास प्रमाणित उपचाराचे स्थान मिळालेले नाही. त्यामुळे रुग्णाने चालू उपचार सोडून त्याचा अवलंब करणे धोक्याचे ठरेल.

महत्त्व : महाड-पोलादपूरसारख्या भागातील रुग्णाला शस्त्रक्रिया, प्रारण व औषधे या प्रमाणित उपचारांसाठी बहुधा मुंबई–गोवा महामार्गाने पनवेल–मुंबईकडे जावे लागते. दूरच्या रुग्णाला उपचारांचा त्रास असह्य झाल्यास ते अर्धवट सोडले जाण्याचा धोका असतो. म्हणून कर्ककोशिका कशी मारावी, या प्रश्नाइतकाच तिच्या मृत्यूनंतर निरोगी कोशिकांचे रक्षण कसे करावे, हा प्रश्नही महत्त्वाचा आहे. भैकेराच्या शेपटीतील कोशिका शेजारच्या भागास इजा न होता मरतात व शोषल्या जातात. अर्बुदातील कोशिकाही तितक्याच निर्धोकपणे नाहीशा करता येणे, हे या संशोधनाचे उद्दिष्ट होय.